‘चार्ज’चे इतके अर्थ लक्षात ठेवायचे तरी कसे?

तासगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या पतसंस्थेत नोकरी करतात आणि संध्याकाळी बँकेच्या परीक्षेची तयारी करतात. रोज वीस इंग्रजी शब्द वहीत उतरवायचे, पुढे मराठी अर्थ लिहायचे, पाठ करायचे, असा त्यांचा क्रम. आठवडा उलटला की निम्मे शब्द गेलेले असतात. परवा त्यांनी ‘चार्ज’ हा शब्द डिक्शनरीत काढला, तर आरोप, शुल्क, ताबा, हल्ला, विद्युतप्रभार अशी रांगच निघाली. यातलं काय पाठ करायचं, सगळंच करायचं असेल तर कसं, आणि डिक्शनरी इंग्रजी-मराठी वापरावी की इंग्रजी-इंग्रजी, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मी सांगलीत बरीच वर्षं स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवतो, आणि तुमच्यासारख्या वह्या मी ढिगानं पाहिल्या आहेत. मेहनत खरी असते, अक्षर सुंदर असतं, आणि शब्द राहत नाहीत. कारण त्या रांगेतले मराठी शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत. आरोपाचा शुल्काशी काय संबंध, आणि शुल्काचा हल्ल्याशी? संबंध नसलेल्या पाच गोष्टी डोकं धरून ठेवत नाही. म्हणून रांग पाठ करणं आधी बंद करा. त्या सगळ्या अर्थांच्या पोटात एकच जुना अर्थ असतो. तो हाताला लागला की बाकीचे त्याच्यामागून येतात.

‘चार्ज’च्या पोटात गाडी आहे. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे चाकांची गाडी. तिच्यावरून क्रियापद झालं, गाडीत माल भरणे. ते जुन्या फ्रेंचमधून तेराव्या शतकाच्या सुमाराला इंग्रजीत आलं आणि ‘चार्ज’ झालं. ‘कार’, ‘कॅरी’ आणि जहाजाचा ‘कार्गो’ हे सगळे याच घरातले. तेव्हा मूळ अर्थ एवढाच: ओझं लादणं, भार घालणं, भरणं. आता फक्त विचारायचं, ओझं कशाचं आणि कोणावर? बंदुकीत दारू भरली, ती चार्ज झाली. बॅटरीत वीज भरली, ती चार्ज झाली. अधिकाऱ्याच्या अंगावर काम टाकलं, त्याच्याकडे चार्ज आला. गिऱ्हाइकावर रक्कम घातली, त्याला चार्ज केलं. माणसावर गुन्हा ठेवला, तोही चार्ज झाला.

हे मराठी माणसाला शिकवताना मला नेहमी आनंद होतो, कारण आपल्या भाषेनं हेच ओझं जागोजागी जपलं आहे, आपण ते पाहत नाही इतकंच. नवे तहसीलदार येतात तेव्हा ते ‘कार्यभार’ किंवा ‘पदभार’ स्वीकारतात. तात्पुरता कार्यभार ज्यांच्याकडे असतो ते ‘प्रभारी’. सरचार्जला सरकारी मराठीत ‘अधिभार’ म्हणतात. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात इलेक्ट्रिक चार्ज म्हणजे ‘विद्युतप्रभार’. एखाद्या सभेचं वातावरण इंग्रजीत ‘चार्ज्ड’ असतं, तेच मराठीत ‘भारलेलं’ असतं. पाचही ठिकाणी भार आहे. आणि ‘आरोप’ हा शब्दसुद्धा मुळात ‘वर ठेवणं, चढवणं’ याच अर्थाचा आहे. वृक्षारोपणातलं आरोपण तेच. गुन्हा माणसावर ठेवला की आरोप, रोप जमिनीत लावलं की आरोपण.

तुमच्यासाठी तर यातला सगळ्यात जवळचा शब्द तुमच्या टेबलावरच आहे. सभासदाला कर्ज दिलं की त्याच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात तुम्ही काय चढवता? बोजा. कर्ज फिटलं की दाखला देऊन काय उतरवता? तोच बोजा. इंग्रजीत या बोजाला ‘चार्ज’च म्हणतात. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, त्याच्या कलम १०० मध्ये ‘चार्ज’ची व्याख्या आहे: एखाद्याची स्थावर मालमत्ता दुसऱ्याचे पैसे फिटण्यासाठी जामीन म्हणून बांधली जाते, पण तो व्यवहार गहाणखत नसतो. गहाणात मालमत्तेतला काही हक्क घेणाऱ्याकडे जातो, चार्जमध्ये हक्क जात नाही, नुसतं ओझं बसतं. बँकेच्या परीक्षेत ‘मॉर्गेज’ आणि ‘चार्ज’ यांतला फरक विचारतात तो हाच. ‘अ चार्ज ऑन द प्रॉपर्टी’ हे शब्द वाचले की तलाठी कार्यालयातला सातबारा डोळ्यांपुढे आणा. पुन्हा विसरणार नाही.

एक अर्थ मात्र या वाटेनं सरळ येत नाही, तो म्हणजे हल्ला. लाठीचार्ज, किंवा चवताळलेला बैल अंगावर धावून येणं, ‘द बुल चार्ज्ड अॅट द क्राउड’. इथं भार शोधत बसण्यात फार अर्थ नाही. हत्यार भरून, सज्ज करून चाल करून जाणं, अशी त्याची वाट सांगतात. मुलांना मी सांगतो की हा एक अर्थ वेगळा धरा, आणि त्याच्यामागे ‘अॅट’ येतो हे लक्षात ठेवा. सगळं एका सूत्रात बसवण्याचा हट्ट केला की उलट गोंधळ वाढतो.

आता खरी अडचण. अर्थ कळला म्हणजे शब्द आला असं होत नाही. परीक्षेत मार्क जातात ते अर्थामुळे कमी आणि शब्दाच्या सोबत्यांमुळे जास्त. प्रत्येक शब्दाला ठरलेले सोबती असतात. चोरीचा आरोप असेल तर ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’ होतं, पण ‘अॅक्यूज्ड ऑफ थेफ्ट’. मराठीत दोन्हीकडे ‘चोरीचा आरोप’ एवढंच येतं, म्हणून आपली मुलं ‘चार्ज्ड ऑफ’ लिहून मोकळी होतात. ‘एरर स्पॉटिंग’चा, म्हणजे वाक्यातली चूक शोधण्याचा, हा ठरलेला प्रश्न आहे. फरक अर्थातही आहे. ‘अॅक्यूज’ कोणीही करू शकतं, शेजारीण शेजारणीला करते. ‘चार्ज’ हे पोलिसांचं आणि कोर्टाचं काम. आपल्याकडे आधी गुन्हा दाखल होतो, मग तपास, मग पोलीस कोर्टात चार्जशीट म्हणजे आरोपपत्र देतात, आणि त्यानंतर कोर्ट आरोप निश्चित करतं, त्याला ‘फ्रेमिंग ऑफ चार्जेस’ म्हणतात. वर्तमानपत्रातली कोर्टाची बातमी एकदा या क्रमानं वाचा. इंग्रजी आणि मराठी दोन्ही वर्तमानपत्रांत एकच बातमी शोधलीत तर फारच उत्तम.

पैशाच्या अर्थात आपल्या सगळ्यांची एक चूक हमखास होते. ‘बँकेनं माझ्याकडून शंभर रुपये आकारले’ हे आपण मनात मराठीत म्हणतो आणि लिहितो, ‘द बँक चार्ज्ड अ हंड्रेड रुपीज फ्रॉम मी’. ते ‘फ्रॉम’ आपल्या ‘कडून’मधून आलेलं आहे, इंग्रजीत ते चालत नाही. इंग्रजी म्हणतं, ‘द बँक चार्ज्ड मी अ हंड्रेड रुपीज फॉर द चेकबुक’. आधी माणूस, मग रक्कम, मग ‘फॉर’ लावून वस्तू. मुळातला भार आठवला की हे सहज पटतं: लादायचं कोणावर, तर माझ्यावर. ज्याच्यावर लादायचं तो क्रियापदाला चिकटून येणार, मध्ये ‘फ्रॉम’ला जागाच नाही. हे एक वाक्य मोठ्यानं म्हणा, स्वतःच्या कामातली नावं घालून म्हणा, तोंडात बसेपर्यंत म्हणा.

तिसरी जोडी आणखी नाजूक आहे. ‘शी इज इन चार्ज ऑफ द ब्रँच’ म्हणजे शाखा तिच्या ताब्यात आहे. ‘द ब्रँच इज इन द चार्ज ऑफ द मॅनेजर’ म्हणजे शाखा मॅनेजरच्या ताब्यात आहे. मध्ये एक ‘द’ आला आणि भार वाहणारा कोण, हे उलटलं. पहिल्यात वाक्याचा कर्ता सांभाळतो, दुसऱ्यात कर्ता सांभाळला जातो. म्हणून ‘द चाइल्ड इज इन चार्ज ऑफ द नर्स’ असं लिहिलं तर मूलच नर्सला सांभाळतंय असा अर्थ होतो. परीक्षेत ‘द’वरून प्रश्न टाकणाऱ्यांना ही जागा फार आवडते.

शुल्क, फी, भाडं, आकार यांचं काय करायचं, हेही पाहू, कारण तुमच्या परीक्षेत ‘चार्ज’, ‘फी’, ‘फेअर’, ‘प्राइस’ असे पर्याय शेजारी शेजारी ठेवतात. घरातलं महावितरणचं बिल काढा. त्यावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार अशा ओळी असतात. इंग्रजी बिलावर त्याच जागी फिक्स्ड चार्ज, एनर्जी चार्ज, व्हीलिंग चार्ज असतं. म्हणजे सेवेबद्दल जे घेतलं जातं ते चार्ज, मराठीत आकार. म्हणूनच आपण पैसे ‘आकारतो’. त्याच बिलात खाली वीज शुल्क अशी ओळ दिसेल. ती ‘इलेक्ट्रिसिटी ड्युटी’, तो सरकारचा कर, तिला चार्ज म्हणत नाहीत. एका कागदावर दोन्ही शब्द आपापल्या जागी बसलेले आहेत. डॉक्टर, वकील, शाळा, परीक्षा यांची ती ‘फी’. एसटीचं किंवा रेल्वेचं तिकीट ते ‘फेअर’. मार्केट यार्डात हळदीचा निघतो तो भाव म्हणजे ‘प्राइस’. खोलीचं महिन्याचं भाडं ‘रेंट’. एवढं पुरे. यात फार खोल जायचं कारण नाही, रोजच्या वापरानं ते बसतं.

‘डिस्चार्ज’वर मात्र थांबावंसं वाटतं, कारण सांगलीच्या माणसाला हा शब्द पुस्तकातून शिकावाच लागत नाही. ‘डिस’ लागला की उलटं होतं, भार उतरवणं, रिकामं करणं. जुलै-ऑगस्टमध्ये आपण सगळे कान कुठं लावून बसतो? कोयनेतून डिस्चार्ज किती वाढवला, आणि आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आलं. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. सरकारी पत्रकात त्या डिस्चार्जला ‘विसर्ग’ म्हणतात आणि तो क्युसेकमध्ये देतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. म्हणजे १०,००० क्युसेक डिस्चार्ज याचा अर्थ सेकंदाला जवळपास २ लाख ८३ हजार लिटर पाणी. इथं नाम म्हणून ‘डिस्चार्ज’चा अर्थ पाणी सोडण्याची क्रिया असाही होतो आणि वाहण्याचा दर असाही. उताऱ्यावरच्या प्रश्नात हे दोन वेगळे ओळखावे लागतात. आकडा आणि क्युसेक सोबत असेल तर तो दर.

तिथून मिरजेला या. तिथल्या दवाखान्यांत पेशंटला डिस्चार्ज मिळतो, हातात डिस्चार्ज कार्ड येतं. जखमेतून येणारा स्राव तोही डिस्चार्ज. कर्ज फेडून मोकळं होणं म्हणजे ‘टु डिस्चार्ज अ डेट’, तुमचा सातबाऱ्यावरचा बोजा उतरला तसंच. आता थोडं अनोळखी वाटेल ते: ‘टु डिस्चार्ज वन्स ड्युटीज’ म्हणजे कर्तव्य पार पाडणं. मुलं इथं उलटा अर्थ काढतात, कर्तव्यातून काढून टाकलं, असा. कर्तव्य हे डोक्यावरचं ओझं, ते नीट पोचवून खाली ठेवलं, असं पाहिलं की अर्थ सरळ होतो. आणि कोर्टात ‘डिस्चार्ज’ आणि ‘अॅक्विटल’ हे दोन वेगळे. आरोप निश्चित होण्याआधीच पुराव्यात दम नाही म्हणून सोडलं तर डिस्चार्ज, मराठी बातम्यांत त्याला दोषमुक्ती म्हणतात. खटला चालवून निर्दोष ठरवलं तर अॅक्विटल. आरोपाचं ओझं बसायच्या आतच उतरलं तो डिस्चार्ज, एवढी खूण ठेवा.

आपल्याकडचे काही वापर इंग्रजांच्या देशात तसे चालत नाहीत, तेही माहीत असावेत. आपण ‘इनचार्ज’ हा एकच शब्द करून ‘स्टोअरचे इनचार्ज’ असं माणसालाच म्हणतो. ऑफिसात ते रूढ आहे, त्यात वावगं काही नाही, पण परीक्षेच्या उत्तरात ‘द पर्सन इन चार्ज’ लिहा. मोबाइलचं ‘रिचार्ज’ हाही आपला शब्द, ब्रिटनमध्ये त्याला ‘टॉप-अप’ म्हणतात. आपल्या जत-आटपाडीकडच्या दुष्काळी भागात ‘ग्राउंडवॉटर रिचार्ज’ ऐकू येतं, भूजल पुनर्भरण. तो मात्र जगभर चालणारा शास्त्रीय वापर आहे. विहिरीत, जमिनीच्या पोटात पाणी पुन्हा भरणं. भरणं हा मूळ अर्थ इथं पुन्हा स्वच्छ दिसतो.

उच्चाराबद्दल दोन शब्द. मराठीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपीत ते दिसत नाहीत. ‘चार्ज’मधला च हा ‘चार’मधला, ‘चमचा’तला नव्हे. शेवटचा ज हा ‘जीव’मधला, ‘आज’मधला नव्हे. आपल्या भागात मुलं शेवटचा ज हमखास ‘आज’सारखा म्हणतात. मुलाखतीत ते कानाला लागतं. ‘डिस्चार्ज’ क्रियापद असेल तर जोर ‘चार्ज’वर, नाम असेल तर बहुतेक करून ‘डिस’वर.

डिक्शनरीचं विचारलंत. दोन्ही वापरा, पण क्रम ठेवा. आधी इंग्रजी-इंग्रजी, आणि तीही शिकणाऱ्यांसाठी केलेली, जिला लर्नर्स डिक्शनरी म्हणतात. तिच्यात अर्थ सोप्या शब्दांत असतो आणि प्रत्येक अर्थाखाली वाक्य असतं. ‘विथ’ येणार की ‘ऑफ’ हे ठळक करून दिलेलं असतं. अशा दोन-तीन चांगल्या डिक्शनऱ्या नेटवर फुकट आहेत. मराठी प्रतिशब्द त्यानंतर पाहा. कायद्याचे, बँकेचे, कार्यालयाचे शब्द असतील तर राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहा, तेही नेटवर आहेत. ते कोरडे वाटतात, पण अधिभार आणि प्रभारी यांसारखे शब्द तिथं एकत्र भेटतात आणि भाराचा धागा आपोआप दिसतो.

डिक्शनरी उघडताना एक खूण मात्र पाहायला विसरू नका. काही वेळा एकच स्पेलिंग असलेले शब्द मुळात दोन वेगळे असतात. तिकिटाचा ‘फेअर’ सोडा, त्याचं स्पेलिंगच वेगळं; पण ‘फेअर’ म्हणजे जत्रा आणि ‘फेअर’ म्हणजे न्याय्य, गोरा. पहिला लॅटिनमधून आलेला, दुसरा इंग्रजीचा स्वतःचा जुना शब्द. यांच्यात एक मूळ अर्थ शोधत बसलात तर संध्याकाळ वाया जाईल. बऱ्याच डिक्शनऱ्या असे शब्द दोन स्वतंत्र नोंदींत देतात, डोक्यावर बारीक एक आणि दोन आकडे घालून. तसे आकडे दिसले की समजायचं, ही दोन वेगळी घरं आहेत.

राहता राहिला रोज वीस शब्दांचा प्रश्न. वीस फार होतात. नोकरी करून अभ्यास करणाऱ्याला रोज तीन शब्द भरपूर आहेत, पण ते असे शिका की त्यांची दोन वाक्यं तुमच्या स्वतःच्या दिवसातली असतील. वहीत शब्दापुढे मराठी अर्थ लिहू नका, वाक्याचा तुकडा लिहा: ‘चार्ज्ड मी फिफ्टी रुपीज फॉर’, ‘चार्ज्ड विथ चीटिंग’, ‘इन चार्ज ऑफ द लोन सेक्शन’, ‘डिस्चार्ज्ड हिज डेट’. सोबती तुकड्यातच येतात, वेगळे पाठ करावे लागत नाहीत. आणि उजळणी एकाच रात्री दहा वेळा करण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी, मग चार-पाच दिवसांनी, मग पंधरवड्यानं करा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की नवं पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांतच सर्वाधिक गळतं, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एकदम केलेल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त उपयोगी पडते. उजळणी करताना मराठी बाजू झाकू नका, वाक्यातला सोबती शब्द झाका. ‘चार्ज्ड डॅश चीटिंग’, आणि मोकळी जागा तोंडानं भरा. परीक्षेत तुमच्यापुढे येणार तो नेमका असाच प्रश्न.

पुढच्या आठवड्यात ‘इश्यू’ घ्या. त्याच्या पोटात ‘बाहेर पडणं’ आहे, तोही लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेनं आलेला. चेकबुक इश्यू होतं, मासिकाचा नवा इश्यू निघतो, कंपनी शेअरचा इश्यू काढते, आणि वारसाच्या जुन्या कागदांत ‘डाइड विदाउट इश्यू’ म्हणजे मूलबाळ नसताना वारला. या चारही ठिकाणी कुठून काय बाहेर पडतं, ते आधी स्वतः लिहून काढा. डिक्शनरी त्यानंतर उघडा.